पत्ते काढलेली चकती

नरू,

तुझ्या तेरवीच्या पत्रिकेत माझ्याकडून एक चूक झाली. तू असतास तर एव्हाना अख्ख्या आर्वी तालुक्याला सांगत सुटला असतास, म्हणून आधी मीच सांगून टाकतो.

पत्रिका कोणी करायची हा प्रश्नच नव्हता. तळेगावात बारसं असो, लग्न असो की तेरवी, पत्रिका माझ्याच दुकानातून निघते. आणि इथे तर गेलेला माझा सख्खा साळा. दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, नेहमीची कोरी पत्रिका पडद्यावर घेतली. वरचा गणपती काढला. ‘शुभविवाह’ काढलं. वर-वधूच्या जागा काढल्या आणि मधोमध तुझं नाव टाकायला बसलो. तुला हाका मारण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण तुझं पूर्ण नाव, वडलांच्या नावासकट, मी पहिल्यांदाच टाइप करत होतो. मी दोन बोटांनी टाइप करणारा माणूस. त्यातलं एक बोट चष्म्याखालून डोळे पुसण्यात अडकलेलं. कशीबशी संपवली, छापली, तुमच्या रोहणा गावचा गठ्ठा एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिला आणि उरलेल्या घरी घेऊन गेलो.

वंदनेनं, म्हणजे तुझ्या ताईनं, एक पत्रिका उचलली. नेहमी वाचते तशीच वाचली, ओठ हलवत, वरून खाली. तुझ्या नावापाशी ओठ थांबले, पुन्हा हलले. मग शेवटी येऊन ती एकदम थबकली. पत्रिका माझ्यापुढे धरून तिनं तळाशी बोट ठेवलं.

अगदी खाली, कोपऱ्यात, बारीक तिरप्या अक्षरांत एक ओळ तशीच राहून गेली होती: ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!’

मी मोटरसायकल काढेपर्यंत रोहण्याचा गठ्ठा आर्वी ओलांडून गेलेला. तेरवीच्या दिवशी तुमच्या अंगणात मी लोकांच्या नजरा चुकवत पत्रावळ्या मांडत होतो, तर तुमच्या शेजारचे बापूराव काठी टेकत माझ्याकडेच आले. म्हटलं, झालं, आता हे सगळ्यांदेखत काढतात.

‘जवाईबापू,’ ते म्हणाले, ‘पत्रिका भेटली. खालची ओळ वाचली अन् डोये भरून आले. पोराचं लग्न राह्यलंच होतं ना. तुमी ध्यानात ठेवून लिवलं, बरं केलं.’

मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

आता ही चूक कोणाची ते एकदा बघूच. ती ओळ तिथे तूच ठेवली होतीस. आमची श्वेता तेव्हा पहिलीत असेल. तू दुकानात बसून माझ्यासाठी कोरी पत्रिका बनवत होतास आणि ती तुझ्या पाठीवर लोंबकळत होती. ‘मामा, तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी काय लिहू?’ असं तिनं विचारलं आणि तू तिला विचारून विचारून ती ओळ टाकलीस. मी पुढे गिऱ्हाईक बघून मामाचा काका करायचो, मावशी करायचो. पण कोरी पत्रिका उघडली की मामा तिथे हजर. ती पत्रिका तू तुझ्या चकतीतच, विंडोज बसवायच्या त्या सीडीतच, घालून ठेवली होतीस. मशीन कितीदाही पुसलं, नवी विंडो मारली, तरी फॉन्टांबरोबर, प्रिंटरबरोबर, ‘आमच्या मामाच्या लग्नाला’ आपोआप येऊन बसायचं. माझं काम कमी करायची तुझी खोड, नरू. तीच मला नडली.

चकतीबद्दल लोक मला अजून विचारतात. परवा एक शाळामास्तर आले, म्हणाले, नरूभाऊची नवीन चकती निघाली का यंदा? त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. ते म्हणाले, पाणी द्या थोडं.

तुझं ते काम मला नीट समजलं असं म्हणायची माझी छाती नाही. पण इतकी वर्षं तुझ्या शेजारी चहा पीत बसलो, तेवढ्यात जे दिसलं ते हे. कंपनीची मूळ चकती तू तुझ्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचास आणि पोत्याचं तोंड सोडावं तशी मोकळी करायचास. मग एकेक गोष्ट बाहेर. ‘ह्या पन्नास देशांच्या भाषा आपल्याले कायले पायजे? गेल्या. हे परदेशातल्या टेकड्या अन् तळ्यांचे फोटो? गेले. नमुन्याची गाणी? कोणी ऐकत नाई, गेली.’ माझ्यासारख्याची जुनी मशीनं त्या ओझ्यानंच धापा टाकतात, असं तुझं म्हणणं. काढणं झालं की भरणं. चकती बाजारात आल्यावर कंपनी वर्षानुवर्षं तिच्यात दुरुस्त्या करत राहते. त्या नेटवरून ओढायच्या म्हटलं तर आपल्या इकडच्या नेटवर एक पंधरवडा जायचा. ती सगळी ठिगळं तू आधीच आतून शिवून टाकायचास. आपल्याकडच्या प्रिंटरांचं सामान, मराठीचे फॉन्ट, माझा जुना टायपिंगचा कीबोर्ड. शेवटी पुन्हा सगळं बांधून नवी चकती. कंपनीच्या चकतीच्या निम्म्यानं लहान, आणि तिच्यापेक्षा ताजी.

वंदना एकदा दुकानात डबा घेऊन आली होती, तिनं हे बघितलं आणि म्हणाली, ‘हे तं सुपात तूर पाखडणं झालं.’

‘तेच करून राह्यलो ताई,’ तू म्हणालास. ‘फक्त सूप इकत घेता नाई येत याचं.’

मला सगळ्यात आवडायचं ते उत्तरांचं. विंडो मारताना मशीन दर थोड्या वेळानं विचारतं, भाषा कोणती, घड्याळ कुठलं, नाव काय. तू ती सगळी उत्तरं चकतीतच भरून ठेवायचास. चकती घालायची आणि चहाला जायचं. ‘भाऊजी, तुमाले कोणी काई इचारलं का तुमी घाबरून ओके दाबता. म्हून आता तुमाले कोणी काईच इचारनार नाई.’ मी म्हणालो, हे माझ्या लग्नात का नाही केलं? ताईनं डब्याचं झाकण जोरात लावलं.

आणि तपासल्याशिवाय तू चकती कोणाच्या हाती दिली नाहीस. तुझ्या कॉम्प्युटरच्या पोटात तू एक खोटा कॉम्प्युटर केला होतास, त्याच्यावर ती आधी बसवून बघायचास. लोक दारात उभे, मोटरसायकली चालू, आणि तू म्हणायचास, ‘थांबा बाप्पा, आधी तिकडे बसू द्या.’

हे सगळं कबूल. पण पत्ते?

कॉम्प्युटरवरच्या त्या पत्त्यांच्या खेळावरून आपलं जे जुंपायचं, ते मला विसरायचं नाही. पहिली चकती तू माझ्या मशीनवर बसवलीस, मी खुर्चीत बसलो, हात सवयीनं पत्त्यांकडे गेला आणि तिथे काहीच नाही.

‘नरू, पत्ते कुठी गेले?’

‘काढले.’

‘काऊन?’

‘खाते.’

‘अरे, किती जागा खाते एवढासा खेळ?’

‘जागेले नाई भाऊजी, तुमाले खाते. त्या पिपरीवाल्याची पत्रिका त्याले हळदीच्या दिवशी भेटली.’

‘दोन गिऱ्हाइकांच्या मधात माणसानं काय करावं मंग?’

‘ताईले फोन करावा.’

‘तिच्यापेक्षा पत्ते बरे. ते मधात बोलत नाई.’

हे नेमकं वंदनेच्या कानावर गेलं, आणि त्या रात्री मला काय वाढलं गेलं ते तुला माहीत आहे. तू शेजारीच तूप-पोळी खात होतास.

त्यानंतर दर चकतीला हाच खेळ. तू मोटरसायकलवरून यायचास, गळ्यात ती काळी बॅग. चकती घालायचास, मशीन उघडायचं, आणि मी आधी एकच विचारायचो, ‘पत्ते?’ तू मान न वळवता म्हणायचास, ‘काढले.’ मी विनवण्या केल्या, धमक्या दिल्या. एकदा श्वेताकडून फोन करवला: ‘मामा, बाबांना पत्ते दे ना.’ तू तिला म्हणालास, ‘तुह्या बाबाले अभ्यास करू दे.’ चुकून तुझं बरोबर असेलही. त्या वर्षांत माझ्या पत्रिका वेळेवर निघायला लागल्या, हे खरं आहे. पण हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगतोय तेव्हा तू मान वळवत नाहीस.

तुला हरणं ठाऊकच नव्हतं. ताई सांगते, लहानपणी तुम्ही दोघं रोहण्याच्या घरात दुपारभर पत्त्यांचा सात-आठ खेळायचात आणि तू एक एक्का मांडीखाली दाबून ठेवायचास. हरायला आलास की तो एक्का बरोबर बाहेर. पकडला तर रडून घर डोक्यावर घ्यायचास, म्हणून ती पकडायची नाही. ‘नऱ्या माह्याकडून एक डाव हरला नाई,’ असं ती कौतुकानं सांगायची. तुझ्यासाठी पोरगी बघायला गेलो तेव्हाही तेच. चहा-पोहे झाले, पोरगी चांगली, घर चांगलं, आणि तू तिच्या भावाशी प्रिंटरच्या कार्ट्रिजवरून वाद घालून तो जिंकून आलास. परत येताना मी म्हणालो, नरू, एखादा डाव हरावा माणसानं. ‘पायतो पुढच्या वेळी,’ तू म्हणालास. पुढची वेळ आली की तू म्हणायचास, ‘भाऊजी, आधी आपली सिस्टिम अपडेट होऊ द्या.’ तुझी पत्रिका मी सोनेरी शाईत काढणार होतो. तसा कागद आणून ठेवला होता, तो अजून माळ्यावर आहे.

काढून टाकायची तुझी सवय कॉम्प्युटरपुरती राहिली असती तरी चाललं असतं. आपण गिरडच्या दर्ग्याला गेलो होतो ना, तुझ्या ताईचा नवस फेडायला. टेकडीच्या पायथ्याशी माझी पिशवी बघून तू कपाळाला हात लावलास. ‘भाऊजी, दर्ग्यावर राहाले चालले का?’ म्हणत पिशवी गाडीच्या बॉनेटवर मोकळी केलीस. छत्री काढली, दुसरा थर्मास काढला, माझा स्वेटर, चटई, सगळं गाडीत. हलकी पिशवी माझ्या खांद्याला लावून म्हणालास, ‘पाहा आता कसे चढता तुमी.’ चढलो खरा. फुगलेलं पोट घेऊन, दर दहा पायऱ्यांना निसर्ग बघायचं निमित्त काढत, पण चढलो. वर गेल्यावर वंदनेनं पिशवीत हात घातला आणि तिचा चेहरा पडला. दर्ग्यातल्या बाबांना चढवायच्या रेवड्यांचा पुडा त्या चटईच्या घडीत होता.

तू चूक कबूल केली नाहीस. ‘पुड्यावर लेबल नोतं,’ म्हणालास. आणि वळून उड्या मारत खाली गेलास. आम्ही दोघं वरून बघत होतो, तुझा पांढरा शर्ट झाडांत दिसतोय, लपतोय, गाडीपाशी वाकतोय, पुन्हा वर येतोय. तू आलास तेव्हा तुझा श्वाससुद्धा वाढला नव्हता. पुडा ताईच्या हातात देऊन म्हणालास, ‘घे. आता फकिरालेबी गोड लागन, पायी आणला.’

वर्ध्याच्या दवाखान्यात तुला पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची, तेव्हा मला तो पांढरा शर्ट दिसायचा.

पोटाचं ऑपरेशन झाल्यावर मी आलो, तर तू अंगावरची चादर थोडी वर करून मला पोटावरची पट्टी दाखवलीस. ‘पाहा भाऊजी. जे जे नाई लागत ते डाक्टर काढून राह्यले. आता मी बी हलका झालो.’ मी हसलो नाही. मला हसू यायला वेळ लागला, आणि ते आलं तेव्हा मी जिन्यात होतो, आणि ते हसू नव्हतं.

तशातही तू लॅपटॉप मागवलास. ज्या फिरत्या टेबलावर पेज ठेवायची त्यावर तो, आणि शेजारी नवी चकती भरायचं यंत्र. नर्सबाईंनी हटकलं, तर त्यांना म्हणालास, ‘सिस्टर, तुमच्या ऑफिसातलं मशीनबी लय हळू चालते, मी पाह्यलं. ठीक करून देतो.’ त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या. मी म्हणालो, ‘अरे, कायले त्रास करून घेतं? मी नवीन कॉम्प्युटर घेतो ना.’

‘नव्यावर तुमचे जुने फॉन्ट चालत नाई. तुमचा प्रिंटर चालत नाई. अन् तुमी बी नव्यावर चालत नाई,’ तू म्हणालास. ‘लग्नाचा सीझन येऊन राह्यला. पडून पडून पंखा पाहू का?’

तू थोडं काम करायचास, डोळे मिटायचास, पुन्हा करायचास. वंदना पायाशी बसून तुझे तळवे चोळायची. तिला पडद्यावरचं काही समजत नव्हतं. तू काय काढतोस, काय ठेवतोस, मीही बघितलं नाही. मी तुझ्या मनगटाकडे बघत होतो. घड्याळ कोपरापर्यंत जात होतं.

मग एके दुपारी तू ती चकती कागदी पाकिटात घालून माझ्या हातात दिलीस.

‘अजून टेस्ट नाई केली,’ म्हणालास. ‘ह्या लॅपटॉपची ताकद नाई. अन् माहीबी नाई. मी घरी आलो का तुमच्या मशीनवरच लावू. तवरक हात नोका लावू.’

तेव्हा मी काय विचारलं, आठवतं? खोलीत आपण दोघंच होतो. ताई औषध आणायला खाली गेली होती. मला विचारायचं होतं, नरू, भीती वाटते का रे? मला म्हणायचं होतं, तुझ्या जिवावर माझं दुकान चाललं, तुझ्या जिवावर माझ्या पोरीचं शिक्षण झालं. हे सगळं घशापर्यंत आलं आणि तोंडातून निघालं,

‘पत्ते?’

तू नेहमीसारखी मान न वळवता म्हणालास, ‘काढले.’

मला इतकं बरं वाटलं, नरू. मला वाटलं, हा जसाच्या तसा आहे. हा काही जात नाही.

तू घरी आलास तो ॲम्ब्युलन्समधून आलास, आणि तुला चकतीचं विचारायची सोय नव्हती.

तेरवीपर्यंत रोहण्यात माणसांची रीघ. जो येईल तो वंदनेपुढे बसून एकच म्हणायचा, पोट्टं अर्ध्यात गेलं. अर्ध्यावर सोडून गेलं सारं. ती ऐकून घ्यायची. रडायची नाही. शेवटी एक बाई तेच म्हणाल्या, तर तुझी ताई एकदम कडाडली, ‘अर्ध्यात म्हणू नोका कोणी! माह्या भावानं अर्धं काम ठेवून कधी जेवण बी केलं नाई.’ ती उठून आत गेली.

घरी परतल्यावर चहा ठेवताना तिनं पाठमोरंच मला विचारलं, ‘ते चकती पुरी आहे का अर्धी?’

‘मालूम नाई.’

‘मंग पायत काऊन नाई?’

काय सांगू तिला? नवी विंडो मारायची म्हणजे जुनी पुसायची. आणि जुनीही तुझ्याच हातची. मशीन कितीही रखडलं, अर्ध्या कामात बंद पडलं, तरी सकाळी बटन दाबलं की तू लावून ठेवलंस तेच उघडतं. ते पुसलं आणि ही चकती अर्धी निघाली, तर माझ्याकडे तुझं काहीच राहत नाही. आणि वंदनेकडे राहतं ते बायांचं म्हणणं. तू तपासली असतीस तर प्रश्न नव्हता. पण तूच म्हणालास, हात नोका लावू. मी चकती दुकानाच्या खणात ठेवली आणि रोज खण उघडून बंद करत राहिलो. गिऱ्हाइकाला सांगायचो, मशीन बिघडलं आहे. ते खोटंही नव्हतं.

काल रविवार होता. जेवणं झाली. वंदनेनं भांडी तशीच ठेवली, पायात चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. ‘चला.’

‘कुठी?’

‘दुकानात.’

तू गेल्यापासून ती दुकानात आली नव्हती. आली ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, पर्स मांडीवर, जशी कोणाची तरी पत्रिका टाकायला आली आहे. मी आधी पत्रिकांची सगळी साठवण दुसऱ्या डिस्कवर आहे ना ते पाहिलं. हेही तूच लावून दिलेलं. इन्व्हर्टर पाहिला. पंखा बंद केला, वीज वाचावी म्हणून. मग आणखी काही बघायला उरलं नाही, म्हणून चकती घातली.

ती आत फिरायला लागली. तो आवाज तुझ्याबरोबरच यायचा दुकानात.

पडद्यावर पट्टी सरकत होती. मी माऊसवर हात ठेवून बसलो होतो, कुठे ओके आलं तर चुकवू नये म्हणून. काही आलं नाही. बऱ्याच वेळानं वंदना म्हणाली,

‘हे काई इचारत नाई का?’

‘नाई. नरूनं सांगून ठेवलं त्याले सगळं.’

तिनं पदर तोंडाला लावला.

मग मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं, आणि पडदा काळा पडला. वरच्या कोपऱ्यात एक बारीक पांढरी रेघ लुकलुकत होती. लुकलुकतच राहिली. चकतीचा आवाज थांबला. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला, त्याचा आवाज पार दूर जाईपर्यंत ती रेघ तशीच. मला दिसायला लागलं, जुनं गेलं, नवं आलं नाही. माझा हात बटनाकडे गेला.

‘हात नोका लावू,’ वंदना म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तू हे शब्द बोललास तेव्हा ती खोलीत नव्हती.

मी हात मागे घेतला. आणि आत काहीतरी खरखरलं, पडदा उजळला, आणि मशीन उघडलं. साधा राखाडी पडदा, तुझ्या पद्धतीचा. आवाज नाही, टेकड्या नाहीत. मी टायपिंग उघडलं. फॉन्ट होते. माझा कीबोर्ड होता. दोन बोटांनी ‘नरू’ टाइप केलं, ते बरोबर उमटलं. छापायला दिलं, तर प्रिंटर खाकरला आणि कागद बाहेर आला. कोरी पत्रिका जागेवर होती. तळाशी मामाही होता. तो मी आता काढणार नाही. प्रत्येक वेळी काका करीन, मावशी करीन, पण कोऱ्या पत्रिकेत मामाच राहील.

‘पुरी आहे?’ वंदनेनं विचारलं.

‘पुरी आहे.’

तिनं तो कागद घेतला, तुझं नाव बघितलं आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. इतक्या दिवसांनी ती रडली, सावकाश, कोणी नसल्यासारखी. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून मी माऊस हलवत राहिलो. मशीनवरच्या प्रोग्रॅमांची तुझी यादी ती केवढीशी; वरून खाली यायला वेळ लागत नाही. आणि सगळ्यात खाली, जिथे इतकी वर्षं काही नसायचं, तिथे पत्ते होते.

मी आधी विश्वासच ठेवला नाही. दाबलं, तर उघडले. हिरव्या पडद्यावर सगळा डाव मांडून ठेवलेला. दवाखान्यात, त्या पेजेच्या टेबलावर, काय काय काढत बसलेला तू. आणि हे तेवढं ठेवलंस. आणि वर मला तोंडावर सांगितलंस, काढले.

‘पत्ते ठेवले यानं,’ मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मग मला जे सुचतं तेच सुचलं. वाकडंतिकडं हसत मी म्हणालो, ‘पाय वंदना. इतकी वर्षं भांडला, अन् शेवटी मीच जिंकलो.’

वंदना स्टुलावरून उठली. माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, पडद्यावरच्या त्या मांडलेल्या डावाकडे बघत. डोळे पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली,

‘तुमी नाई जिंकले. माह्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमी दोघं बसून सात-आठ खेळलो, अन् तेवढा एक डाव तो हरला. मले वाटलं, मीच जिंकली. मंग तो उठला, तं त्याच्या मांडीखाली एक्का होता. होता त्याच्यापाशी, काढला नाई त्यानं.’ ती थोडं थांबली. ‘जायची येळ आली का मंगच हरते तो.’